लघवीमार्गाचा जंतुसंसर्ग : उपचार कुठे घ्यावेत, दाखल कधी व्हावे आणि कोणत्या योजनेतून काय मिळते

लघवीला जळजळ होणे, दर थोड्या वेळाने लघवीला जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे या त्रासाला घरोघरी ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. उन्हातून आल्यावर किंवा पाणी कमी प्यायल्याने झालेली जळजळ पुरेसे पाणी पोटात गेल्यावर ओसरते. जंतुसंसर्ग झालेला असेल तर मात्र धने-जिऱ्याच्या पाण्याने किंवा सब्जाने तात्पुरते बरे वाटले तरी त्रास पुन्हा सुरू होतो आणि औषध घ्यावे लागते.

हा आजार बहुतेक वेळा गोळ्यांनी, घरी राहून बरा होतो. याउलट देशातील सर्वांत मोठी सरकारी आरोग्य योजना, म्हणजे आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च उचलते. डॉक्टरांची फी, लघवीची तपासणी आणि औषध दुकानातील गोळ्या यांवर अनेक कुटुंबे खिशातून पैसे देतात ते यामुळेच. खर्च नको म्हणून काहीजण उपचार अर्ध्यावर सोडतात आणि मग मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचल्यावर दाखल व्हावे लागते. घरी राहून घ्यायच्या उपचारांसाठीही सरकारी व्यवस्था आहे, पण ती वेगळ्या कार्यक्रमांखाली येते. या लेखात दोन्हींची माहिती दिली आहे.

आजार ओळखताना

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रनलिका मिळून लघवीमार्ग होतो. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू मूत्रनलिकेतून वर चढतो, आणि साध्या संसर्गांपैकी बहुतेकांना तोच कारणीभूत असतो. स्त्रियांची मूत्रनलिका आखूड, सुमारे ४ सेंटिमीटरची असते, त्यामुळे त्यांना हा त्रास जास्त होतो. त्यात अस्वच्छतेचा ठपका ठेवण्यासारखे काही नाही.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर जळजळ, वारंवार लघवी, गढूळ किंवा उग्र वासाची लघवी आणि कधी लघवीतून रक्त अशी लक्षणे दिसतात. ताप सहसा नसतो. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर हुडहुडी भरून ताप येतो, पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखते, मळमळ व उलट्या होतात. पहिल्या प्रकारात गोळ्या पुरतात, दुसऱ्यात डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासणे आवश्यक असते.

जळजळ म्हणजे प्रत्येक वेळी लघवीमार्गाचा संसर्गच असतो असे नाही. योनीतून वेगळा स्राव किंवा पुरुषाच्या लिंगातून पू येत असेल तर लैंगिक संसर्गाची शक्यता असते. त्यासाठी जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये मोफत सल्ला व उपचार मिळतात. लघवीत पेशी सतत वाढलेल्या दिसतात, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असे आठवड्यांमागून आठवडे चालले तर मूत्रमार्गाच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

‘भरपूर पाणी प्या, लघवी रोखू नका’ हा सल्ला फलकावर लिहायला सोपा आहे. ऊसतोडीच्या फडावर, बांधकामावर किंवा बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाईला तो पाळता येत नाही, कारण जवळपास शौचालयच नसते. म्हणून ती पाणी पिणेच टाळते. बांधकामाच्या ठिकाणी कामगारांसाठी शौचालय व मुतारीची सोय करणे ही काम देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या कामगार महिलेने डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप जरूर सांगावे.

गावात किंवा वस्तीत कोणते उपचार मिळतात

पहिला टप्पा म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिर. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे रूपांतर करून ही केंद्रे तयार झाली. २०२३ पर्यंत त्यांना आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणत आणि गावात अजूनही तेच नाव चालते. मोफत निदान सेवा उपक्रमानुसार उपकेंद्र पातळीवर १४ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ प्रकारच्या तपासण्या अपेक्षित आहेत. लघवीची पट्टी-चाचणी उपकेंद्रातही होते. पट्टीवर पांढऱ्या पेशी व नायट्राइट दिसले आणि लक्षणे जुळत असली तर संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते.

उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी गरज पडल्यास ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेतून डॉक्टरांशी बोलून देतात. प्रतिजैविक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जाते आणि सरकारी केंद्रात उपलब्ध असलेले औषध मोफत असते. आयुष्मान कार्ड या टप्प्यावर लागत नाही. कार्ड नाही किंवा यादीत नाव नाही म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातून कोणाला परत पाठवता येत नाही. शहरांत अशाच सेवा नागरी आरोग्य केंद्रांत मिळतात. महाराष्ट्रात ‘आपला दवाखाना’, हैदराबाद परिसरात ‘बस्ती दवाखाना’ आणि कर्नाटकातील शहरांत ‘नम्म क्लिनिक’ या नावांचे दवाखाने आहेत. कामासाठी तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

तरुण, निरोगी, गरोदर नसलेल्या महिलेला पहिल्यांदाच मूत्राशयाचा साधा संसर्ग झाला असेल तर दरवेळी कल्चरची गरज नसते. कल्चर करावे लागते ते गरोदर महिला, पुरुष, लहान मुले, मधुमेही, मुतखडा किंवा कॅथेटर असलेले रुग्ण, वारंवार संसर्ग होणारे रुग्ण आणि ४८ तासांत औषधाने फरक न पडलेले रुग्ण यांच्यासाठी. ही सोय जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात असते. नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी द्यावा, नाहीतर अहवाल फसवा येऊ शकतो. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी आणि डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. घरातून धुतलेल्या बाटलीत नेलेल्या नमुन्याचा कल्चरसाठी उपयोग नाही. अहवालाला साधारण दोन ते तीन दिवस लागतात आणि त्यात कोणते औषध लागू पडेल तेही कळते.

अहवालाबाबत आणखी एक गोष्ट. कसलाही त्रास नसताना, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत लघवीत जंतू किंवा पू-पेशी दिसल्या तर बहुतेकांना औषध लागत नाही. वयस्कर व्यक्ती, मधुमेही आणि कॅथेटर असलेले रुग्ण यांच्यात हे फार वेळा आढळते, आणि केवळ कागदावरच्या आकड्यासाठी प्रतिजैविके दिली जातात. गरोदर महिला आणि लघवीमार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण हे याला ठळक अपवाद आहेत.

दुकानातून थेट गोळी घेण्याविषयी

मेडिकलमध्ये जाऊन ‘उन्हाळीची गोळी द्या’ म्हटले की अनेकदा दोन-तीन गोळ्या हातात पडतात. त्रास कमी होतो, कोर्स तिथेच संपतो. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. गोळ्यांच्या पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये, अशी जनजागृती मोहीम केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सुरू केली.

या नियमाचा दाखल होण्याशी थेट संबंध आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देखरेख जाळ्यातील अहवालांत, रुग्णालयांतून गोळा झालेल्या ई. कोलाय जिवाणूंपैकी मोठा हिस्सा सेफॅलोस्पोरिन व फ्लोरोक्विनोलोन गटांतील औषधांना दाद देत नाही असे वर्षानुवर्षे दिसत आहे. नायट्रोफ्युरॅन्टॉइन व फॉस्फोमायसिन ही जुनी औषधे मूत्राशयाच्या संसर्गात अजून बरीच उपयोगी पडतात. मात्र मूत्रपिंडाचा संसर्ग बरा करायला ती पुरत नाहीत. तोंडाने घ्यायचे एकही औषध लागू पडत नाही असे कल्चरमध्ये आले, तर रुग्ण चालता-फिरता असूनही केवळ इंजेक्शनसाठी दाखल व्हावे लागू शकते. साध्या संसर्गाचा कोर्स औषधाप्रमाणे एका मात्रेपासून पाच-सात दिवसांपर्यंत असतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत आणि उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नयेत.

दाखल कधी व्हावे

हुडहुडीसह ताप असून उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, रक्तदाब कमी झाला असेल, रुग्ण असंबद्ध बोलत असेल किंवा गुंगीत असेल, लघवी फारच कमी झाली असेल किंवा अडली असेल, तर थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मुतखड्याने मूत्रवाहिनी अडलेली असताना वर संसर्ग झाला तर ती तातडीची अवस्था असते. तिथे नुसते प्रतिजैविक पुरत नाही, साचलेली लघवी नळी घालून मोकळी करावी लागते. म्हणून मुतखड्याचा पूर्वेतिहास पहिल्याच भेटीत सांगावा. मधुमेहींमध्ये मूत्रपिंडाचा संसर्ग वेगाने बिघडू शकतो. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांनी ताप आल्यास स्थानिक दवाखान्यात वेळ न घालवता प्रत्यारोपण केंद्राशी बोलावे.

तान्ह्या मुलांचे वेगळे. दोन वर्षांखालील बाळाला इतर कोणतेही कारण न दिसता ताप येत असेल तर लघवी तपासून घ्यावी, कारण जळजळ होते हे बाळ सांगू शकत नाही. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आल्यास थेट रुग्णालयात न्यावे. वृद्धांमध्ये कधी कधी ताप न येता अचानक गोंधळलेपण, जेवण सोडणे किंवा तोल जाणे ही लक्षणे दिसतात. अशा वेळी लघवीच्या संसर्गावरच न थांबता इतर कारणेही शोधावी लागतात.

आयुष्मान कार्डावर काय मिळते

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झाली. पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत सरकारी व खासगी रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळतात. कुटुंबातील सदस्यांच्या संख्येवर किंवा वयावर मर्यादा नाही. आधीपासून असलेले आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट असल्याने जुना मुतखडा किंवा मधुमेह असल्याचे कारण देऊन लाभ नाकारता येत नाही.

संसर्गामुळे दाखल झालेल्या रुग्णाच्या पॅकेजमध्ये खाट, नर्सिंग, डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधे, इंजेक्शन आणि रुग्णाचे जेवण हे सर्व धरलेले असते. साधा वॉर्ड, विशेष निगा कक्ष आणि अतिदक्षता विभाग यांचे दर वेगळे असले तरी हा हिशेब रुग्णालय व योजना यांच्यातला आहे. ‘कल्चर बाहेरून करून आणा’, ‘हे इंजेक्शन पॅकेजमध्ये बसत नाही’ असे सांगून पैसे मागितले तर रुग्णालयातील आरोग्य मित्राला भेटावे. दाखल होताना आयुष्मान कार्ड व आधार दाखवून ओळख पटवावी लागते. कार्ड आहे हे सुरुवातीलाच सांगावे. रोखीने उपचार सुरू झाल्यावर मागाहून कार्ड पुढे केले की अडचणी येतात.

रुग्णांकडून सर्वांत जास्त सुटणारा लाभ घरी सोडल्यानंतरचा आहे. योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे समाविष्ट आहेत. मूत्रपिंडाच्या संसर्गाचे उपचार साधारण ७ ते १४ दिवस चालतात, पण ताप उतरल्यावर रुग्णाला तीन-चार दिवसांत घरी सोडतात. उरलेल्या दिवसांच्या गोळ्या रुग्णालयाने द्यायच्या असतात. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे लिहून ‘बाहेरून घ्या’ म्हटले तर हा नियम दाखवून गोळ्या मागाव्यात. कल्चरचा अहवाल अनेकदा रुग्ण घरी गेल्यावर येतो. तो घ्यायला जाणे आवश्यक आहे, कारण चालू औषध लागू पडत नसल्याचे त्यातूनच कळते.

बाह्यरुग्ण तपासणी, फक्त निदानासाठी दाखल होणे आणि बाहेरच्या दुकानातील औषधे या योजनेत येत नाहीत. त्यामुळे ‘कार्ड आहे ना, मग दोन दिवस दाखल व्हा, सगळे फुकट होईल’ असा सल्ला कधी कधी मिळतो. तो मानू नये. गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग घेऊन वॉर्डात राहिल्याने मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचाही खाडा होतो आणि रुग्णालयातील अधिक चिवट जंतूंचा संसर्ग होण्याचा धोका असतो. शिवाय ५ लाखांची रक्कम साऱ्या कुटुंबाची, वर्षभरासाठीची असते.

गरोदर महिला

गरोदरपणात त्रास नसतानाही लघवीत जंतू आढळले तर उपचार करावे लागतात. सुमारे २ ते १० टक्के गरोदर महिलांमध्ये असे जंतू आढळतात. उपचार न केल्यास त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते, त्यात लघवीची तपासणी असते. आशाताई आठवण करतात, पण ती तारीख स्वतःही लक्षात ठेवावी. गरोदरपणात चालणारी औषधे वेगळी असतात, काही औषधे पहिल्या आणि काही शेवटच्या महिन्यांत टाळतात. म्हणून जुन्या चिठ्ठीवरची गोळी पुन्हा घेऊ नये.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ रोजी सुरू झाला. पुढे त्यात गरोदरपणातील व प्रसूतीनंतरच्या गुंतागुंती आणि एक वर्षापर्यंतची आजारी बालके यांचाही समावेश झाला. त्यामुळे मूत्रपिंडाच्या संसर्गामुळे सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या गरोदर महिलेला औषधे, तपासण्या, जेवण आणि ने-आण मोफत मिळते. यासाठी उत्पन्नाची अट नाही.

७० वर्षे व त्यावरील नागरिक

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते. त्यासाठी आधारवरील वय ग्राह्य धरतात. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी ५ लाखांचे संरक्षण वेगळे असते. केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या किंवा माजी सैनिकांच्या योजनेच्या लाभार्थींना दोन्हींपैकी एक निवडावी लागते. खासगी विमा किंवा कामगार विमा असलेल्यांना हे कार्ड घेता येते. प्रोस्टेट वाढल्याने लघवी तुंबून पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या आजोबांचे कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवावे. रात्री दोन वाजता ई-केवायसी करत बसण्यापेक्षा ते बरे.

आपल्या राज्याबाहेर राहणाऱ्यांसाठी

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड देशभरातील अंगीकृत रुग्णालयांत चालते. सोलापूरचे कुटुंब कामासाठी सुरतेत असेल तर तिथल्या अंगीकृत रुग्णालयात तेच कार्ड दाखवता येते. राज्यांच्या स्वतःच्या योजनांचे नियम मात्र वेगळे असतात. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना केंद्राच्या योजनेशी जोडून राबवली जाते आणि तिची मर्यादाही आता प्रति कुटुंब ५ लाख रुपये आहे. तिचा लाभ केवळ शिधापत्रिकेच्या आधारे मिळत असेल आणि केंद्राच्या यादीत नाव नसेल, तर राज्याबाहेर जाण्याआधी चौकशी करावी. मदत क्रमांक १५५३८८. गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचे संरक्षण आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी व उपचार मोफत आहेत, त्यामुळे तिथे बाह्यरुग्ण म्हणूनही पैसे भरावे लागत नाहीत.

पगारातून राज्य कामगार विम्याची रक्कम कापली जात असेल (सध्याची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये), तर त्या कामगाराला व त्याच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि दाखल होणे या तिन्ही गोष्टी मिळतात. साध्या संसर्गासाठी ही व्यवस्था आयुष्मान कार्डापेक्षा अधिक उपयोगी आहे. पाळीत रजा मिळत नाही म्हणून अनेक कामगार दवाखान्यात जातच नाहीत. विमा वैद्यकीय अधिकाऱ्याने आजारपणाचा दाखला दिल्यास, आवश्यक हप्ते भरलेले असतील तर, आजारपणाच्या काळासाठी वेतनाच्या ७० टक्के दराने भत्ताही मिळतो.

पैसे मागितल्यास किंवा दाखल करून घेण्यास नकार दिल्यास

प्रथम आरोग्य मित्राशी बोलावे आणि नकाराचे कारण लेखी मागावे. त्यानंतर १४५५५ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या तक्रार निवारण पोर्टलवरही ती करता येते. तक्रारीत रुग्णालयाचे नाव, दाखल झाल्याची तारीख, कार्ड क्रमांक आणि भरलेल्या रकमेची पावती द्यावी. पावती दिली जात नसेल तर तेही तक्रारीत लिहावे. रुग्णाची प्रकृती गंभीर असेल तर तक्रारीच्या निकालाची वाट न पाहता जवळच्या सरकारी रुग्णालयात उपचार सुरू करावेत. तक्रार नंतरही नोंदवता येते.